काइंडली रिव्हर्ट

ऑफिसच्या मेलखाली अजून ‘प्लीज रिप्लाय’ लिहीत असाल, तर तुमची बढती कुठे अडकलीय ते वेगळं सांगायला नको. रिप्लाय म्हणजे साधं उत्तर. ते कुणीही देतं. भारदस्त माणसाने ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहावं.

शब्दकोशात रिव्हर्टचा मुख्य अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणे’ असा दिलाय, तिकडे लक्ष देऊ नका. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते, फोन रिसेट केला की सेटिंग्ज मूळपदावर रिव्हर्ट होतात, वगैरे. ‘प्लीज रिव्हर्ट बाय फ्रायडे’ वाचून लंडनचा क्लायंट बुचकळ्यात पडेल, की शुक्रवारपर्यंत आपण नेमकं पूर्वीसारखं काय व्हायचं? पडू दे. सिंगापूर-मलेशियाचा असेल तर बिनधास्त पाठवा, त्यांच्याकडेही हेच चालतं.

प्रोग्रामरशी मात्र जपून. ‘कालच्या बदलाबद्दल रिव्हर्ट करा’ असं लिहिलंत, तर तो कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनात खरोखर ‘गिट रिव्हर्ट’ ही आज्ञा चालवेल आणि कालचं काम उलटवणारा नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, टाकून जेवायला जाईल. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की जुना कमिट पुसला जात नाही. त्या रिव्हर्टलाही रिव्हर्ट करता येतं.

सरकारी खात्यात तर विचारूच नका. तिथे रिव्हर्शन म्हणजे तात्पुरत्या बढतीवरून मूळ, खालच्या पदावर रवानगी. ही दरवेळी शिक्षा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली परशोत्तम लाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा प्रभारी पदावर बसलेल्या साहेबांना ‘यू मे प्लीज रिव्हर्ट’ अवश्य लिहा आणि निकालाची प्रत सोबत जोडा.

व्याकरणही सांभाळा. रिप्लाय क्रियापद आहे तसं नामही आहे. रिव्हर्टचं रूढ नाम रिव्हर्शन. म्हणून तुम्ही ‘अवेटिंग युवर रिव्हर्ट’च लिहा. ‘रिव्हर्ट बॅक’ तर हवंच. ‘री’मध्ये ‘परत’ आधीच आहे, पण एकदा परत येऊन कुणाचं भागतं?

या शब्दाची खरी किंमत मात्र ‘आय विल रिव्हर्ट’मध्ये कळते. रिप्लाय करतो म्हणालात की उत्तर द्यावं लागतं. रिव्हर्टचं तसं नाही. महिन्याभराने कुणी जाब विचारलाच, तर शब्दकोश उघडून दाखवा: पूर्वीच्या स्थितीला परत जाईन म्हटलं होतं, गेलो. पूर्वी उत्तर दिलेलं नव्हतं, आताही दिलेलं नाही.