कुशन फुटलं ते उन्हानं की थरानं?

ताई, भुसावळला मे महिन्यातल्या हळदीत कुशन फाउंडेशन (डबीतल्या स्पंजातून पफनं घेऊन थोपटायचं) तासाभरात नाकाच्या कडेला फुटलं, चेहरा राखाडी दिसला, आणि ‘नॅचरल फिनिश’ (मेकअप न केल्यासारखा दिसणारा मेकअप) ही थंड देशांची चैन आहे, असं तुम्ही माझ्या कुशनवरच्या लेखाला उत्तर म्हणून लिहिलंत. राखाडीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. लेखात मी शेडचा विषयच घेतला नाही, ती चूक माझी.

कुशनच्या कोरियन डब्यांवर शेडचे 21, 23 असे आकडे असतात. 21 उजळ, 23 जरासा गडद. गव्हाळ-सावळ्या रंगावर दोन्ही पांढुरके पडतात. शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावा, दहा मिनिटं थांबा आणि दारातल्या उजेडात बघा; सुकल्यावर रंग बदलतो.

फुटण्याचा दोष मात्र मी उन्हाला निम्माच देईन. ‘पफ चांगला दाबून घेतला’ असं तुम्हीच लिहिलंय, गोम तिथे आहे. आतला स्पंज पातळ फाउंडेशननं भिजलेला असतो. पफ नुसता टेकवला तरी एका गालापुरतं येतं. तेवढंच घ्या, जास्तीचं झाकणाच्या आतल्या बाजूला टिपून काढा. गालाच्या मध्यापासून बाहेर थोपटत जा. ओढलं की खालचं सनस्क्रीन गोळा होऊन त्याच्या वळ्या निघतात. नाकाच्या कडेला पफ दुमडून, उरलंसुरलं तेवढंच लावा. तिथे तेल सुटतं, जाड थर टिकत नाही. कपाळालाही उरलेलंच. दुसरा हात फक्त डागांवर द्या, अख्ख्या चेहऱ्यावर नको.

त्याआधी मॉइश्चरायझर अगदी पातळ, मग सनस्क्रीन, आणि पंधरा मिनिटं सुट्टी. डब्यावर एसपीएफ 50 (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलेलं असतं म्हणून सनस्क्रीन गाळू नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून मोजतात. थोपटून लावलेलं कुशन त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तेवढं लावलंत तर मुखवटाच दिसेल!

टचअप करताना बहुतेक जणी घामावरच पफ मारतात. घाम, तेल आणि नवा थर यांचा चिखल होतो, आणि तोच पफ परत स्पंजावर टेकला की डबाही खराब. आधी टिश्यू दाबून घाम टिपा (पुसू नका), मग नाक-हनुवटीला किंचित पावडर, आणि गरज उरलीच तर कुशन. पफ आठवड्यातून एकदा सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा.

आणि हो, भर दुपारी मांडवाबाहेर नाचायचं असेल तर तुमचंच खरं. तिथे कुशन नकोच. सनस्क्रीन आणि डागांपुरतं कन्सीलर पुरे. कुशन संध्याकाळच्या रिसेप्शनला काढा. तोवर डबी घरात ठेवा, स्कूटीच्या डिक्कीत नको.