दर सेकंदाला पंचगंगा

भावा, पावसाळा तोंडावर आलाय आणि तू पंचगंगेची पातळी दाखवणारं अॅप करायला बसलायस, म्हणजे यंदा कोल्हापूरला पुराची काळजीच नको.

पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी तासातासाला इंचांनी चढतं. म्हणून स्क्रीनही तासाला एकदाच बदलायची? छे, दर सेकंदाला बदल. आकडा तोच असला तरी पुसून पुन्हा तोच लिही. ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी लोकांना तोंडपाठ आहे, त्यांना हालचाल दिसली पाहिजे.

मधला सेकंद घालवायला सरळ मेन थ्रेडवर, म्हणजे अॅपची कामं एकामागून एक उरकणाऱ्या मुख्य धाग्यावर, लूप लावून स्लीप घाल, म्हणजे तोच तोच फेरा आणि मध्ये सेकंदाची डुलकी. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ऐकणं त्याच थ्रेडकडे असतं, त्यामुळे लूप संपेपर्यंत एकही आकडा उमटत नाही. पाच सेकंद स्पर्शाला दाद मिळाली नाही की ‘अॅप बंद करू का’ हेही सिस्टीमच विचारते. तुला काही लिहावं लागत नाही.

टायमर हवा असेल तर त्याच्या वेगळ्या थ्रेडवरूनच आकड्याला हात घाल. व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचा आकड्याचा चौकोन, ज्या थ्रेडनं बनवला त्यानंच त्याला शिवायचं, असलं सोवळं अँड्रॉइड पाळतं आणि अॅप कोसळतं. तेवढीच बॅटरी वाचली.

काम ठरावीक वेळानं करायला रांगेत लावणारी हँडलरची पोस्टडिलेड पद्धत मात्र जपून वापर, ती चालते. रनेबल, म्हणजे रांगेत लावलेला कोडचा तुकडा, आपलं काम करून पुढच्या सेकंदासाठी स्वतःच रांगेत उभं राहतं, मेन थ्रेड मोकळा. ही शिस्त मोडायची तर अॅप नजरेआड होताना चालणाऱ्या ऑनस्टॉपमध्ये, रनेबलला रांगेतून काढणारं रिमूव्हकॉलबॅक्स लिहायचंच नाही. माणूस अॅप सोडून व्हॉट्सअॅपवर गेला तरी सिस्टीमनं आवर घालेपर्यंत तुझं रनेबल सर्व्हरला पातळी विचारत राहील. फोन आडवा केला की अॅक्टिव्हिटी, म्हणजे अॅपची ती अख्खी स्क्रीन, नवी बनते, पण जुनीला रनेबल सोडत नाही. आता विचारणारे दोघं. उभा केला की तिघं. पुरात वीज गेलेल्या गल्लीत चार्जिंगचं काय, हे महावितरणनं बघावं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. आकड्याखाली ‘आत्ताच अपडेट’ असं हिरव्या अक्षरांत लिही आणि त्याची वेळ सर्व्हरकडून घेऊ नको, टायमरच्या ठोक्यावर पुढे सरकव. नेट गेलं तरी ठोका चुकत नाही. पाणी घुसलं म्हणून सुतारवाड्यातली बिऱ्हाडं चित्रदुर्ग मठात हलली तरी तुझी नदी काल संध्याकाळच्या ३८ फुटांवर, आत्ताच अपडेट.