माळ्यावरून उतरलेला सर्व्हर

आमच्या घरात माणसं चार, फोन पाच आणि पाचही फोन भरलेले. आईचा फोन तर दर सकाळी ‘जागा शिल्लक नाही’ असं सांगायचा आणि आई दर सकाळी मला विचारायची, ‘‘अरे, हा कुठल्या जागेचं म्हणतोय?’’ क्लाउडवर फुकट मिळणारे १५ जीबी कधीच संपले होते. ‘‘भरा की महिन्याचे पैसे, सगळे भरतात,’’ असं बायकोचं म्हणणं. मला ते पटेना. वीस वर्षं हप्ते फेडून फ्लॅट स्वतःचा करायचा आणि स्वतःच्याच मुंजीचे फोटो भाड्याच्या खोलीत ठेवायचे?

ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, ‘‘काका, जुना पीसी असेल ना घरी? त्याचा नॅस करा. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. घरातल्या सगळ्यांचं सामान एका ठिकाणी, वायफायवरून उघडायचं. तासाभराचं काम आहे.’’

घरी येऊन मी जाहीर केलं, ‘‘मी नॅस करणार आहे.’’

‘‘नस? कुठली नस आखडली?’’ आईने लगेच तेलाची बाटली काढली.

जुना पीसी माळ्यावर होता. २००९ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून एकेक भाग निवडून जोडून घेतलेला. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, तेव्हा पाहुण्यांना बोलावून दाखवावा असा. बाराएक वर्षं तो वर पाळणा, मखर आणि पितळी घंगाळ यांच्या संगतीत काढत होता. आईने जुन्या चादरीचं शिवलेलं कव्हर अजून अंगावर होतं. कव्हर काढलं तर पहिल्या दसऱ्याला कॅबिनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक जसंच्या तसं. (या खोक्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो. खरा सीपीयू आत असतो आणि ग्लुकोजच्या बिस्किटापेक्षा लहान असतो. दुरुस्तीवालाही खोक्यालाच सीपीयू म्हणतो, म्हणून मीही वाद घालायचं सोडून दिलंय.)

बाजूचा पत्रा काढला तर आत पालीची दोन अंडी, एक हरवलेला स्क्रू आणि फॅनवर गोधडी म्हणून पांघरता येईल एवढी धूळ. व्हॅक्युम क्लीनरचं तोंड आत घातलं, ते कुठल्याशा वायरला अडकलं आणि मग पुढचे दोन तास ती वायर कुठून निघाली हे शोधण्यात गेले.

मशीन चालू केलं. एक लांबलचक ‘बीऽऽऽप’. पुन्हा एक. आई आतून ओरडली, ‘‘दूधवाला आला का?’’

रॅम नीट टेकली नाही की मशीन असं ओरडतं. या रोगावर भारतभर एकच औषध चालतं, खोडरबर. मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, रॅमची पट्टी बाहेर काढली आणि तिच्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवलं. दात चकाकले. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्‌ टक्‌’ मिटल्या, बटण दाबलं आणि पडदा उजळला. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरूनही मला या क्षणी आपण हृदयाचं ऑपरेशन केलंय असं वाटतं.

पडद्यावर संदेश होता: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. बहिऱ्याने ‘ऐकू येत नसेल तर हाक मारा’ म्हणावं, तसलाच प्रकार. सर्व्हर, म्हणजे घरभर फायली पुरवणारं मशीन, तर कीबोर्डशिवायच चालवायचा असतो. कोपऱ्यात एकटाच पडून राहणार बिचारा. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्ज असतात तिथे, शिरलो आणि कुठल्या चुकीवर अडून बसायचं याची एक सेटिंग असते, ती बदलली. मशीन पुन्हा चालू केलं, ठीक. रात्री प्लग काढून ठेवला, सकाळी लावला, तर पुन्हा एफ-वन.

तारीख पाहिली: १ जानेवारी २००८. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो मेला होता. त्यामुळे प्लग निघाला की मशीन सगळं विसरायचं, सेटिंगही आणि सालही. मी त्याला विकत घेण्याच्या आधीच्या काळात ते जगत होतं. आणि हे नुसतं विनोदाचं नव्हतं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी घातलेल्या फुकट प्रणालीवर, चढवायचं सामान इंटरनेटवरून आणायला सांगितलं की ते म्हणायचं, ही फाईल अजून वैध नाही. त्याच्या दृष्टीने ती फाईल भविष्यात बनणार होती! त्याच्या जागी मी असतो तर मीही हात लावला नसता. शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर-२०३२ नावाचा सेल आणला. नवा सेल बसवून तारीख घातल्यावर मशीन एका क्षणात इतकी वर्षं म्हातारं झालं.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर मी तीन रात्री वाचन केलं. या कामासाठी ट्रूनॅस नामांकित आहे, पण त्याला किमान आठ जीबी रॅम लागते, म्हणजे आमच्या घराण्याच्या चौपट. ओपनमीडियाव्हॉल्ट एक जीबीतही संसार करतं म्हणे. ते घरात आणलं. फायली वाटण्याचं खरं काम आत सांबा नावाचा प्रोग्रॅम करतो. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९२ च्या सुमारास तो लिहायला घेतला. विंडोज ज्या भाषेत फायली मागतं तिचं नाव एसएमबी. या माणसाने आधी ठेवलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशाला एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द विचारले आणि त्यातून ‘सांबा’ उचललं. पत्रिकेवरून आद्याक्षर काढून बारशाला नाव ठेवण्याची आपली रीत याहून फारशी वेगळी नाही.

मग डिस्क आल्या. दोन टीबीच्या दोन. बसवल्या, तर मशीन म्हणतं १.८ टीबी. बायको नेमकी मागेच उभी होती.

‘‘दोनचे पैसे दिले ना?’’

मी समजावलं की डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत.

‘‘रद्दीवालाही असंच म्हणतो,’’ ती म्हणाली. ‘‘बरं, दोन मिळून ३.६ तरी झाले.’’

इथे मला सांगावं लागलं की नाही, दोन्ही मिळून १.८ च. कारण मी रेड-वन लावणार होतो; एका डिस्कवर जे लिहाल तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं, एक गेली तर दुसरी असते. बायकोने मनातल्या मनात हिशेब केला. चारचे पैसे, १.८ चा माल. पुढे काही न बोलता ती कुकर लावायला गेली. संसारात अशा शांततेला घाबरावं.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळीकडे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी ते वाचलंही होतं. चौथ्या दिवशी चिरंजीवांनी ‘नको असलेलं’ म्हणून गणपतीपुळ्याचा अख्खा फोल्डर उडवला, तेव्हा तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी, इमानेइतबारे उडाला. आरशासमोर मिशी कापली तर आरशातल्या माणसाची कशी राहील? नशिबाने तीच सहल आणखी पाच ठिकाणी होती: ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवा’, ‘बॅकअप खरा’, ‘न्यू फोल्डर’ आणि ‘न्यू फोल्डर (२)’. आमच्या घराण्यात गबाळेपणाने आजवर जेवढं वाचवलंय तेवढं शिस्तीने वाचवलेलं नाही.

सगळ्यांचं मिळून ४२० जीबी सामान. कॉपी लावली, तर सेकंदाला ११ एमबी, साडेदहा तास. लॅपटॉप केबलने जोडला होता, मग हे काय? दोन दिवसांनी कळलं की माळ्यावरच सापडलेल्या त्या जुन्या केबलमध्ये आठांपैकी चारच तारा धड होत्या. चार तारांवर वेग १०० मेगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला साधारण १२ एमबीच्या, वर जात नाही; त्याच्या दहापट वेगाला, गिगाबिटला, आठही लागतात. नवी केबल आणल्यावर तेच काम दीड तासाच्या आत झालं. मी आनंदाने हॉलमध्ये आलो, तर तिथे कोणालाच काही झालेलं नव्हतं.

मोजणी केली. ४१ हजार फोटो. त्यात गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेले साधारण नऊ हजार. दोन-दोन डिस्कवर, आरशासकट, मी काय जपून ठेवलं होतं, तर आईच्या भिशी ग्रुपचा सूर्योदय. पुसू का विचारलं, तर आई म्हणाली, ‘‘राहू दे, कधीतरी लागतात.’’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पाळणा, मखर आणि घंगाळाबद्दल. माळ्यावरून कॉम्प्युटर खाली आणून मी त्याच्या आत दुसरा माळा बांधला होता.

पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं. सर्व्हर चोवीस तास चालतो. प्लगला मीटर लावून पाहिलं, ६५ वॉट. दिवसाला दीड युनिटच्या वर, महिन्याला ४७. तयार मिळणारा छोटा नॅस वीसेक वॉटमध्ये भागवतो, हे मला तेव्हा वाचायला मिळालं. आमचं बिल बायकोने वर्षानुवर्षं गीझरची वेळ धरून, गॅलरीतला दिवा बंद करून शंभर युनिटांच्या आत राखलेलं. शंभरच्या पुढे दर चढतो. आकडा होता १३८.

‘‘एवढी वीज जाते कुठे?’’

‘‘उष्णता होऊन बाहेर पडते,’’ मी प्रामाणिकपणे सांगितलं. हात लावून पाहा म्हटलं. तिने कॅबिनेटवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवूनच राहिली. मला वाटलं, शब्द जुळवतेय. सर्व्हर बंद करायचा हुकूम आता येणार, म्हणून मी बोलणी आखून ठेवली होती: रात्री तरी चालू राहू दे. हुकूम आलाच नाही.

ते डिसेंबरचे दिवस होते. पुण्याच्या थंडीत आमच्याकडे दही लागत नाही. आई विरजणाचं पातेलं कधी शालीत गुंडाळते, कधी पिठाच्या डब्यात ठेवते, सकाळी ते अदमुरंच निघतं आणि सगळ्यांनी ते चांगलं झालंय म्हणून खायचं असतं. दुसऱ्या दिवशी पानात दह्याची वडी पडली. चमच्याने कापावं असं, पाणी न सुटलेलं दही. मी खोलीत जाऊन पाहिलं. कॅबिनेटवर, बरोबर स्वस्तिकाच्या वर, घडी केलेलं फडकं आणि त्यावर झाकण घातलेलं स्टीलचं पातेलं. मागची जाळी मोकळी सोडली होती, एवढी तांत्रिक समज दोघींनी दाखवली होती.

तेव्हापासून घरात रोज रात्री एकच प्रश्न असतो, ‘‘सर्व्हर चालू आहे ना? विरजण लावायचंय.’’ अपडेट घालून मशीन बंद-चालू करायचं असेल तर मला आता स्वयंपाकघरातून परवानगी घ्यावी लागते.

यूपीएस घ्यावा असं मी सुरुवातीपासून तीनदा सुचवलं होतं. अचानक लाइट गेली तर डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहतं, डेटा खराब होतो, वगैरे. तीनदा नकार. मग गेल्या आठवड्यात एका पहाटे बायकोने मला हलवून उठवलं.

‘‘अहो, तुमचा सर्व्हर रात्री बंद पडलाय.’’

मी धडपडत लॅपटॉप उघडला. खरंच बंद. लाइट रात्री दहा मिनिटं जाऊन आली होती. फ्रिज उठला, राउटर उठला, हा तेवढा झोपून राहिला. वीज परत आल्यावर आपणहून चालू व्हायचं की नाही, याचीही बायोसमध्ये एक सेटिंग असते. एफ-वनच्या नादात ती माझ्याकडून राहून गेली होती.

‘‘पण तुला कसं कळलं? त्याचा अलर्ट मला येतो.’’

तिने पातेलं पुढे केलं. ‘‘दही अदमुरं आहे.’’

यूपीएस तिनेच मागवला. त्याच संध्याकाळी आला. मी जोडत असताना आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. दिवा हिरवा झाला, हलकी घरघर सुरू झाली. तिने वाकून त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून पाहिला.

‘‘हाही गरम होतो का रे? तूप फार थिजतंय हल्ली.’’