शिकवायचे तास कोणाच्या टार्गेटमध्ये धरायचे?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण कारखान्यांच्या पट्ट्यात सध्या मेंटॉरिंगचं, म्हणजे जुन्या माणसाने नव्याला शिकवून तयार करायचं, वारं आहे. एचआरचा मेल येतो, कँटीनबाहेर फोटो निघतो. नव्या पोराच्या हातात वेलकम किट, शेजारी पंधरा-वीस वर्षं मुरलेला, मशीन लावून देणारा सेटर, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं की उरका लवकर, माझी मशीन थांबलीये. दुसऱ्या दिवसापासून या दोघांची गाठ पडते ती फक्त चहाच्या रांगेत.

मी क्वालिटीत आहे. शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, जे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं, ते शेवटी माझ्याच टेबलावर रिजेक्ट मालाच्या लाल ट्रेमध्ये येऊन पडतं. त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.

शिकवणं हे काम आहे. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी प्रॉडक्शनमधून काढावा लागतो. तो काढून द्यायची ज्या कंपनीची तयारी नाही, तिने मेंटॉरिंगचे बोर्ड लावू नयेत. झालं, माझं म्हणणं एवढंच आहे. पण एवढंच लिहिलं तर लोक 'अगदी बरोबर मॅडम' म्हणून अंगठा दाखवून पुढे जातील, म्हणून जरा खोलात जाते.

एक पातळ भिंतीचा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ पार्ट, घ्या. सीएनसी मशीनवर त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, झाला, पोराने भोकाचा व्यास मोजणारा बोअर गेज लावला, सगळीकडून फिरवून बघितलं, साइज ओके. आमच्याकडे आला आणि गो गेज, म्हणजे भोकात जायलाच हवा असा ठरलेल्या मापाचा दांडा, आतच जाईना. पोरगं म्हणतं तुमचा गेज खराब आहे. तसं म्हणणारच, त्याने प्रामाणिकपणे मोजलेलं असतं! गंमत अशी की तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये जॉब आवळला की तो तीन ठिकाणी दबतो. दबलेल्या अवस्थेत बोअर गोल होतो आणि सोडल्यावर भिंत परत पसरते, मग बोअर किंचित तिकोनी होऊन बसतो. दोन टोकांत मोजणाऱ्या गेजला हा आकार सहसा सापडत नाही, कारण व्यास जवळपास सगळीकडे सारखाच येतो. गो गेजला मात्र तो लगेच सापडतो.

हे सेटर काकांना माहीत असतं. ते येतात, जॉबकडे बघतात, 'चकचं प्रेशर कमी कर, सॉफ्ट जॉ बोअर करून घे' (म्हणजे मऊ जबडे जॉबच्या गोलाईला बसतील असे कापून घे) म्हणतात आणि निघून जातात. जॉब सुधारतो. पोराला काय कळलं? प्रेशर कमी करायचं. का, ते कळलं नाही. पुढच्या महिन्यात वेगळा पार्ट आला की तेच पोरगं जाड भिंतीच्या जॉबलासुद्धा प्रेशर कमी करणार, जॉब चकमध्ये सरकणार आणि मग कापणारा इन्सर्ट जातो की तो धरणारा टूल होल्डर, ते नशीब.

काका पाच मिनिटं थांबले असते, तर त्यांनी चक सोडून, तोच जॉब हातात फिरवून, खूण कुठे उठलीये ते दाखवलं असतं. गरम जॉब लगेच मोजू नको, हेही सांगितलं असतं. 100 मिमीचा स्टीलचा व्यास दहा अंशांनी तापला तर साधारण 12 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा दिसतो, आणि ड्रॉइंगवर सगळी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, वीस मायक्रॉनची असली तर अर्ध्याहून जास्त तिथेच संपली. पाच मिनिटांचं काम आहे. पण काकांकडे चार मशीन, शिफ्टचं टार्गेट डोक्यावर आणि इन्सेंटिव्ह नगांवर.

आणि नुसता वेळेचा प्रश्न नाही. हातचं राखून शिकवायची सवय आपल्याकडे आहेच, पण तिच्यामागे भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. पगार चांगला असलेला पर्मनंट माणूस कंपनीला महाग वाटायला लागला की त्याच्या शेजारी कॉन्ट्रॅक्टचं पोरगं उभं करतात आणि सांगतात, 'याला तयार करा.' कशासाठी, ते कोणाला कळत नाही का? मी अशा काकांना दोष देत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या पोराला सात महिन्यांनी ब्रेक देऊन घरी पाठवायचं आधीच ठरलंय, त्याला तरी कोणी जीव तोडून का शिकवावं?

कायदा आहे. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, आणि आजच्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला 6000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना. चांगलंच आहे. पण पोर आत आल्यावर ते मशीनवर उभं राहतं की ट्रॉली ढकलतं, हे शेवटी शॉपवरच ठरतं.

शिकवणाऱ्यालाही शिकवावं लागतं, हा शोध काही आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यातली कसलेली माणसं लढाईवर गेली आणि नवशिके आत आले, तेव्हा तिथे सुपरवायझरांना 'कसं शिकवायचं' याचेच दहा तासांचे वर्ग दिले: आधी समोरच्याला तयार करा, मग दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग मागे लक्ष ठेवा. युद्धानंतर ते जपानमध्ये गेलं आणि टोयोटाने उचललं. आपण टोयोटाचे माल मागवायचे कानबान कार्ड आणि जागच्या जागी वस्तू ठेवायच्या फाइव्ह एसच्या पट्ट्या आणल्या. हे दहा तास मात्र आणायचे राहिले.

लांब कशाला जा. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, 1966 ला पुण्यात आली तेव्हा ती कंपनी घडवणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी प्रशिक्षण आणि टूल रूम (हत्यारं-साचे बनवायचा विभाग) यांच्यावर केवढा भर दिला होता! तिथे आणि तशाच मोठ्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून फाइल घासलेले कितीतरी लोक पुढे भोसरीत दोन मशीन टाकून मालक झाले.

यावर मालकमंडळींचं ठरलेलं उत्तर येतं: 'शिकवलं की पोरं दोन हजार जास्त घेऊन शेजारच्या कंपनीत जातात.' जातात ना. साहेब, तुम्हीही कुठेतरी शिकून, तिथून बाहेर पडूनच ही कंपनी काढलीत. आणि न शिकवलेलं पोरगं थांबलं, तर त्याचं काय करायचं, हे मला कोणीतरी सांगा. माझ्या लाल ट्रेला आणखी एक मजला चढवायचा का?

शॉपवर ते स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला काय येतं त्याचा तक्ता, लावलेलं असतं बघा, गोलाचे चार भाग करून. बहुतेक ठिकाणी चौथा भाग काळा म्हणजे 'दुसऱ्याला शिकवू शकतो'. ऑडिट जवळ आलं की मार्कर घेऊन भराभर काळे केलेले गोल मी बघितलेत. ज्याचा चौथा भाग भरला, त्याचं टार्गेट किती कमी केलं, त्याच्या पगारात काय पडलं, अप्रेझलच्या फॉर्मवर त्याने घडवलेल्या पोरांचा रकाना आहे का, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझी मागणी मोठी नाही. नवीन माणूस आला की पहिले तीन महिने त्याच्या सेटरला रोज एक तास टार्गेटमधून मोकळा द्या आणि तो तास प्रॉडक्शन रिपोर्टवर 'प्रशिक्षण' म्हणून लिहा, 'मशीन बंद' म्हणून नाही. याचा खर्च किती, तो अकाउंट्सने काढावा. कस्टमरकडून परत आलेला एक लॉट, तिथे जाऊन चांगला-खराब माल निवडायला, सॉर्टिंगला बसवलेली माणसं आणि वर आलेली नुकसानीची डेबिट नोट, याचे आकडे माझ्याकडे आहेत. कधीही मागा, देते.