यमाच्या दिशेला सहा पॅनल

आज दुपारी साडेतीनला शेजारचे नाना माझ्या गच्चीवर उभं राहून, माझ्या घरचा चहा पीत, माझ्याच सोलर पॅनलकडे बोट दाखवून म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, दिशा चुकतेय." मी हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलोय.

मागचं थोडक्यात सांगतो. ऐरोलीत रो हाऊस, गच्ची स्वतःची, उन्हाळ्यात दोन एसी, बिल बघून घाम फुटतो आणि त्या घामासाठी परत एसी. म्हणून तीन किलोवॅटचं सोलर घेतलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, हे बायकोने मला वर्षभर ऐकवलं होतं. सहा पॅनल, एक इन्व्हर्टर, संपला विषय.

दिशेचा तर प्रश्नच नव्हता हो. आपण साधारण १९ उत्तर अक्षांशावर, सूर्य वर्षातले बरेच महिने दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल अक्षांशाएवढा, वाऱ्याचा विचार केला तर थोडा कमी. मी सिव्हिल इंजिनियर आहे, तेवीस वर्षं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नॉर्थचा बाण काढतोय. बसवायला आलेला पोरगाही "सर, साउथ फेसिंग" एवढंच बोलला आणि त्याने ड्रिल काढलं.

तेवढ्यात कठड्यावरून नानांचं डोकं वर आलं.

"दक्षिण नक्की कुठेय माहितीये का तुम्हाला?"

मला! माझ्या गच्चीवर! मी म्हटलं, नाना, तिकडे खाडी, इकडे पारसिकचा डोंगर, मग दक्षिण कुठे हे काय विचारायचं? पण नानांचा डोंगरावर विश्वास नाही, त्यांच्या फोनमध्ये होकायंत्र आहे. ते जिना उतरून, दोन्ही गेटं ओलांडून, आमचा जिना चढून धापा टाकत आले आणि त्यांनी फोन बाहेर काढला. फोन म्हणाला, आधी मला हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. मग काय, नाना पॅनलच्या सांगाड्यासमोर उभे आणि डोळे बारीक करून, जीभ किंचित बाहेर काढून, दोन्ही हातांनी फोनचे आठ काढतायत. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं आमच्याकडे सोलरची आरती चाललीय. शेंडेफळाने व्हिडिओ काढला, तो आता सगळ्या गल्लीत आहे.

आठ काढून झाल्यावर नानांनी विजयी चेहऱ्याने जाहीर केलं, "उत्तर तिकडे." तिकडे म्हणजे घणसोलीकडे. घणसोली आमच्या दक्षिणेला आहे, होती आणि राहील. पण नाना लोखंडी सांगाड्याला टेकून उभे होते, त्यांच्या एका हातात लोखंडी पाना होता (पोराचा, उगाच उचललेला), मग बिचारी सुई दुसरीकडे कुठे बघणार? पोरगा चांगला, त्याने नम्रपणे सांगितलं, "काका, आत्ता लोकल गाडीचा आवाज आला ना, ती ठाण्याला गेली. उत्तर तिकडे." नाना म्हणाले, "कशावरून? पनवेलची असेल." यावर काय बोलणार? ट्रान्स हार्बरचं टाइमटेबल काढायचं?

शेवटी दक्षिण सापडली. तर म्हणे, तीच तर नको. "यमाची दिशा आहे ती. माणूस पाय करून झोपत नाही तिकडे, दिव्याची वात करत नाही, आणि तुम्ही अख्ख्या घराचं तोंड फिरवताय."

मी म्हटलं, मग दक्षिणमुखी मारुतीचं काय?

"तो मारुती आहे. तुम्ही काय आहात?"

पोरगा फस्सकन हसला. मी त्याला चहा देणार होतो, तो रद्द केला.

मग नानांनी पश्चिम सुचवली. कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख, नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं आत मूर्तीपर्यंत जातात, देवीने काही विचार करूनच ना. शिवाय संध्याकाळीच वीज लागते. आता नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपली जादा वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करायच्या पद्धतीत, तुम्ही वीज सकाळी बनवली की संध्याकाळी, काही फरक पडत नाही, युनिटं वजाच होतात, पण हे मी तिसऱ्यांदा सांगेपर्यंत आईने खालून विचारलं, "नाना काय म्हणतायत? ऐक जरा त्यांचं."

एक मात्र कबूल करतो, एका मुद्द्यावर माझी बोलती बंद झाली. नाना म्हणाले, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य भर दुपारी आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा काय करणार? आणि हे खरंय. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मेच्या मध्यात येतो आणि परत जुलैच्या शेवटी, मधले जवळपास अडीच महिने सूर्य डोक्याच्या पलीकडे. मी आ वासून बघत राहिलो. पोरगाच म्हणाला, "काका, जून-जुलैमध्ये पाऊस असतो. सूर्य कुठेपण असू दे, दिसतो का?" त्याला चहा परत मंजूर केला.

पॅनल दक्षिणेलाच लागले. पण आईच्या मनात यम बसला तो बसलाच. नानांनी उपाय दिला आणि दर शनिवारी सांगाड्याला लिंबू-मिरची बांधली जाऊ लागली. ती लोंबकळते बरोबर दुसऱ्या पॅनलच्या कडेवर. सकाळी मी गच्चीत जातो तर काळ्या काचेवर लिंबाची गोल सावली आणि खाली सात मिरच्यांची झालर. मी ती सरकवतो, आई परत जागेवर आणते. कबुतरांची तर गोष्टच सोडा, त्यांना आठही दिशा चालतात. रविवारी सकाळी लुंगी लावून मॉप घेऊन पॅनल पुसणारा माणूस दिसला तर तो मीच.

पण लिंबू एवढंसं असतं. टाकी नसते.

नानांची पाण्याची टाकी. नाना माझ्या पश्चिमेला राहतात आणि त्यांची टाकी त्यांच्या गच्चीच्या नैऋत्येला. का, तर वास्तुशास्त्रात नैऋत्य जड आणि उंच हवी. म्हणून स्टँड आठ फुटी, त्यावर टाकी, टाकीला ऊन लागू नये म्हणून वर पत्रा. आता डिसेंबरात सूर्य खाली आलाय, साडेतीनच्या सुमारास त्या पत्र्याची सावली कठडा ओलांडून माझ्या सहाव्या पॅनलवर येते, मग पाचव्यावर. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एक बैल बसला की बाकीच्यांचीही चाल मंदावते. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात म्हणून सगळं ठप्प होत नाही, पण अॅपवर दिवसाचा आलेख बघितला तर छान घुमट असतो आणि साडेतीनला कुणीतरी भाकरीचा घास तोडावा तसा तुकडा गायब. तीन किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट धरतात. माझी जी काही कमी भरतात ती नानांच्या पत्र्याखाली गार पडलेली असतात.

महिनाभर त्या माणसाने दक्षिण, यम, मारुती, कोल्हापूर सगळं काढलं, सावलीचं नाव नाही. कोल्हापुरात किरणांच्या वाटेत आलेल्या बांधकामांवरून चर्चा होते, ते नानांना आठवलं नाही. मी आज धीर करून म्हटलंच, नाना, निदान तो पत्रा काढता का? तर म्हणाले, टाकी तापते, वहिनींना विचारा, गरम पाण्याने भांडी घासवतात का. आणि मग ते दिशेचं वाक्य.

चहा संपवून कप माझ्या हातात देत जाता जाता म्हणाले, "अहो इंजिनियर, त्या पोराचा नंबर द्या जरा. आम्हीपण बसवतोय. ७८ हजार कोण सोडतं?"

मी विचारलं, कुठल्या दिशेला?

"दक्षिणेलाच. चौकशी केली मी, तीच बरोबर आहे. फक्त गच्चीत जागा जाते ना, म्हणून टाकीच्याही वर उंच सांगाडा घेतोय, तुमच्या बाजूपर्यंत. आणि हो, ती लिंबू-मिरची कुठून आणता, तेवढं वहिनींना विचारून ठेवा."