धपाटे वर, पट्टी खाली

मराठवाड्यात डोंगरावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "धपाटे किती घ्यायचे?" दुसरा प्रश्न चटणीचा. "शिट्टी घेतली का?" हे विचारणारा मी एकटाच, त्यामुळे ग्रुपमध्ये माझी पत विमा एजंटाएवढी आहे.

भांडण सुरू होतं ते पाण्यावरून. उन्हाळ्यात अंतूर किंवा वेताळवाडीचा किल्ला चढायचा तर माझ्या हिशेबानं माणशी चार लिटर पाणी पाहिजे. चार लिटर म्हणजे चार किलो, हे कळलं की लोकांना एकदम गडावरची टाकी आठवतात. "वर टाकं असंल की, भाऊ!" टाकं असतं. एप्रिलमध्ये त्यात पाणी असेलच असं नाही, आणि असलं तरी त्यावर बेडकांचा वहिवाटीचा हक्क असतो. बाटल्या एकेक लिटरच्या घ्याव्यात. एक फुटली तरी तीन उरतात, शिवाय ओआरएसचं माप चुकत नाही. मोठं पाकीट एका लिटरला, छोटं 200 मिलीला. पण आपल्याकडे चहाच्या हिशेबानं "जरा कडक होऊ द्या" म्हणून अर्ध्या लिटरात अख्खं मोठं पाकीट ओततात. तसं केलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं आणि तहान भागायच्या ऐवजी वाढते. ग्लुकोजच्या डब्यावर भिस्त ठेवणारे वेगळेच. घामातून मीठ जातं आणि हे साखर खातात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, वाढायचा नव्हे.

मग दोराची पाळी. कुणीतरी घरून बैलाचा कासरा घेऊन येतोच. बैल धरायला कासरा उत्तम, पण पडणारा माणूस झेलायला नाही. चढाईचा दोर झटका बसला की थोडा ताणतो आणि धक्का पोटात घेतो. कासरा ताणत नाही, सगळा धक्का कमरेला देतो. पिवळा प्लास्टिकचा दोर तर इतका गुळगुळीत की त्याची गाठ कधी सुटली ते गाठ मारणाऱ्यालाही कळत नाही. किल्ल्या अडकवायच्या रंगीत कड्यांवर "चढाईसाठी नाही" असं इंग्रजीत कोरलेलं असतं, ते वाचावं. खऱ्या कॅराबिनरवर, म्हणजे चढाईच्या कडीवर, ती किती ताण झेलते ते सांगणारा किलोन्यूटनचा आकडा असतो. माझं मत विचाराल तर, वापरता येत नसेल तर दोर नेऊच नये. पिशवीत दोर असला की भल्याभल्यांना कडा उतरायची खुमखुमी येते.

टॉर्च मात्र हवाच, तोही कपाळावरचा. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे त्या काळोख्या, वास मारणाऱ्या भुयारात, एक हात मोबाइलमध्ये आणि दुसरा नाकावर ठेवला, तर भिंत धरायला तिसरा आणायचा कुठून? निघताना त्यातला एक सेल उलटा घालावा. नाहीतर पिशवीत बटण दाबलं जातं आणि दिवसभर धपाट्यांवर उजेड पडत राहतो.

शिट्टी प्लास्टिकची, आत गोळी नसलेली घ्यावी. गोळी ओली झाली की अडकते. ती पिशवीच्या पट्ट्याला बांधावी. संकटात तीनदा फुंकायची, मिनिटभर थांबून पुन्हा तीनदा. ग्रुपमधलं एखादं पोरगं पायथ्यापासूनच सराव सुरू करतं. त्याच्या हातात पेरू द्यावा.

प्रथमोपचाराच्या डब्यात कापूस कोंबू नका, जखमेला चिकटतो. गॉज, बेटाडीन, कात्री, सेफ्टी पिना, ज्याची त्याची रोजची औषधं आणि 10 सेंटिमीटर रुंदीच्या दोन क्रेप पट्ट्या पुरतात. चिकटपट्टी उन्हातल्या गाडीत ठेवली की तिचा गोंद डब्यालाच चिकटतो. पाय मुरगळला तर पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. बोटं उघडी ठेवायची. ती निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सैल करायची. डब्यात ब्लेड टाकणारा एक काका असतो. "साप चावला तर?" काका, चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. घोणस असो की फुरसं, चावलेला हातपाय न हलवता 108 ला फोन आणि दवाखाना. ब्लेडनं काकडी कापा.

आग्या मोहोळासाठी अत्तर घरी ठेवा, विडी खिशात ठेवा, आणि एक लांब उपरणं घ्या. माश्या उठल्या तर तोंड झाकून पळायला, हात मोडला तर झोळीला, ऊन लागलं तर भिजवून मानेवर टाकायला ते कामी येतं. एवढं कामाचं उपरणं धपाटे बांधायला जातं.

कारण शेवटी पिशवी भरतात त्या काकू. पाणी पाठीला लागून मधोमध, हलकं सामान तळाशी आणि पट्टीचा डबा वरच्या कप्प्यात, हा क्रम त्यांना मान्य नसतो. धपाटे दबले नाही पाहिजेत, म्हणून ते वर. घोटा सुजत असताना पट्टी शोधायची तर आधी पंगत मांडावी लागते.

एका वस्तूला मात्र वजन नाही, ती म्हणजे घरी ठेवायची चिठ्ठी. कुठला डोंगर, कुठल्या गावातून चढणार, गाडी कुठं लावली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 लावायचा, एवढंच लिहायचं. घाटात रेंज जाते, तेव्हा हाच आधार. पण ती लिहायला कुणी तयार होत नाही, कारण निम्म्यांनी घरी ऑफिसचं काम सांगितलेलं असतं आणि उरलेल्यांनी ऑफिसात मावशी आजारी असल्याचं.