‘साधासोपा’ व्हीगन टार्ट म्हणे!

‘फक्त पफ शीट उलगडा, वर भाज्या मांडा, 180 डिग्रीवर 20 मिनिटं. झालं!’ काय झालं? वर करपलेला कांदा आणि खाली ओला, कच्चा मैदा, हे झालं. जी रेसिपी तीन ओळींत उरकते, ती महत्त्वाचं सगळं गाळून उरकते.

बोंब सुरू होते पफ शीटच्या, म्हणजे खारीसारख्या पदरांच्या गोठवलेल्या लाटलेल्या पिठाच्या, पाकिटापासून. हिरवा ठिपका दिसला की ‘व्हीगन आहे’ असं ठोकून देणारे थोर लोक आहेत. अहो, व्हीगन म्हणजे दूध-लोण्यासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही, आणि हिरवा ठिपका म्हणजे नुसतं शाकाहारी. त्यात लोणी, दूध पावडर सगळं चालतं! व्हीगन पदार्थांसाठी 2022 मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलंय. ते नसेल तर घटकांची यादी आणि ॲलर्जीची ओळ वाचा. बेकरीतून शीट आणणार असाल तर ‘लोणी आहे का’ एवढंच विचारू नका. तो ‘नाही’ म्हणेल आणि खरंच बोलत असेल, कारण खारीचा पफ बहुतेक ठिकाणी मार्जरीनचाच असतो. पण त्या मार्जरीनमध्ये दुधाचे घटक आहेत का, हे कुणी विचारतच नाही.

मग ते ‘रूम टेम्परेचरला डीफ्रॉस्ट करा’. कुठल्या रूमच्या? लंडनच्या की नागपूरच्या? आपल्याकडे मे महिन्यात शीट ओट्यावर ठेवली की आतली चरबी वितळून मैद्यात मुरते. पदर एकमेकांना चिकटले की पफ फुलण्याचा प्रश्नच मिटला. शीट फ्रीझरमधून काढून रात्रभर खालच्या फ्रीजमध्ये ठेवायची, हात लावायचा तो गारच असताना. कापताना धारदार सुरी सरळ खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. कडेपासून 2 सेंटीमीटर आत चौकट आखायची, पण आरपार नाही. चौकटीच्या आत काट्याने भोकं पाडायची, म्हणजे मधला भाग फुगून भाज्या लोटून देत नाही. मग 15 मिनिटं परत फ्रीजमध्ये. ही 15 मिनिटं कुठल्याही ‘सोप्या’ रेसिपीत नसतात!

आणि ते 180! पफ फुलतो तो पदरांमधल्या पाण्याच्या वाफेने, आणि वाफ झटक्यात व्हायला हवी. थंडगार शीट 180 ला ठेवलीत तर आधी चरबी गळते, वाफ मागून येते. 210 ते 220 हवं. शिवाय घरगुती ओटीजीचा (छोट्या विजेच्या ओव्हनचा) आकडा हा बऱ्याचदा नुसता शुभेच्छा संदेश असतो, त्यामुळे 20 मिनिटं प्रीहीट, तेही रिकामा ट्रे आत ठेवून. टार्ट बटर पेपरवर तयार करायचा आणि कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवायचा. तळ तिथेच सेट होतो. पहिली 15 मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी. एकूण 25 ते 30 मिनिटं. तळ उचलून बघायचा. खारीसारखा तांबूस नसेल तर खालचाच रॉड लावून आणखी 5 मिनिटं.

पण खरा गुन्हेगार पाणी. कच्चा टोमॅटो, कच्ची झुकिनी, कच्चे मश्रूम थेट शीटवर रचायला सांगणाऱ्यांना भाजी शिजताना कधी दिसलीच नाही का? 300 ग्रॅमच्या शीटला 300 ग्रॅम भाजी पुरे, डोंगर नको. झुकिनी-टोमॅटोच्या चकत्यांना अर्धा चमचा मीठ लावून 20 मिनिटं चाळणीत ठेवा आणि फडक्याने टिपून घ्या. मश्रूम मोठ्या आचेवर कोरडे होईपर्यंत परता. दोन कांदे मंद आचेवर 25 मिनिटं परता, तांबूस-गोड होईपर्यंत. ‘5 मिनिटांत कॅरमलाइज’ असं लिहिणाऱ्यांवर तर खटला भरायला हवा. तळाला चमचाभर भाजलेला रवा भुरभुरा, उरलासुरला रस तो पितो. मग कांदा, मग भाज्या.

वर चमक यावी म्हणून लावतात त्या अंड्याऐवजी काय, तर ‘काहीही ब्रश करा’. काहीही नाही! दोन चमचे साधं सोया दूध, अर्धा चमचा तेल, फक्त वरच्या पृष्ठभागावर. कापलेल्या कडेवरून ओघळ गेला तर तिथले पदर चिकटतात आणि टार्ट एका बाजूने लंगडा फुगतो.

आणि हो, ‘मायक्रोवेव्हमध्येही होतो’ असं लिहिणाऱ्यांनी त्यापुढे ‘कन्व्हेक्शन मोडवर’ हे दोन शब्द लिहायला काय पैसे पडतात? त्या मोडवर तो ओव्हनसारखी गरम हवा फिरवतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर पफ मऊ, पांढरा आणि चिवट होतो, आणि अख्खी शीट वाया जाते.